धंद्यात मार बसल्यावर उमेद कशी टिकवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा शालेय गणवेश शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे बारा शिलाई मशिनी, दोन ओव्हरलॉक, एक काजबटणाचं मशीन आणि वर पत्रा. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला की त्या पत्र्याखाली उमेद हा शब्द उच्चारायलासुद्धा उमेद लागते. तरी लोक मलाच विचारतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या बायका, मोबाइल दुरुस्तीवाले, टॉवेलचे माग चालवणारे आमचे नात्यातले. एकच उत्तर दहा वेळा देऊन झालं, म्हणून एकदा लिहूनच काढलं. अनुभव माझे आहेत, कायद्याचं तेवढं तपासून घेतलंय.

सकाळी शटर उघडायलाच नको वाटतं. हा आळस आहे का?

आळशी माणूस एवढी वर्षं उधारीवर कापड आणून धंदा करत नाही. मला विचाराल तर ती भीती असते, आणि बहुतेक वेळा एकाच कुठल्यातरी गोष्टीची. एखादा फोन, एखादं पाकीट, एखादी खोली.

माझी खोलीच होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमचा जूनचा माल निम्म्याहून जास्त शिवून तयार होता. पुढचा जून आला तरी शाळा भरल्या नाहीत. म्हणजे ओळीने दोन हंगाम गेले. सगळे गठ्ठे मागच्या खोलीत रचून मी कुलूप घातलं आणि चार महिने तिकडे फिरकले नाही. दारावरून जाताना डांबरगोळ्यांचा वास आला तरी पोटात गोळा यायचा. मनात आकडा धरला होता सहा लाखांचा. कुठून धरला, देव जाणे.

शेवटी आमचे कटिंग मास्तर एके दिवशी टेप गळ्यात घालून आले. काम नव्हतं, तरी टेप गळ्यात. म्हणाले, "अक्का, दार उघडा. विकू नका, पण मोजू तर द्या." आम्ही दोघांनी दिवसभर मोजलं. १,१४० शर्ट आणि ३८० पिनाफोर, म्हणजे मुलींचे बिनबाह्यांचे फ्रॉक. कापड, शिलाई, बटणं धरून २ लाख ६८ हजार. रक्कम लहान नव्हती, पण सहा लाखही नव्हती. त्या रात्री किती महिन्यांनी मला सलग झोप लागली.

तेव्हा ज्याची भीती वाटते ते आधी मोजा. बाकी सगळं त्यानंतर.

मोजायचं म्हणजे नेमकं काय? मला हिशेब येत नाही.

बेरीज-वजाबाकी येते ना? झालं तर. शंभर पानी वही घ्या. एका पानावर कुणाकडून किती येणं आहे, नाव आणि बिलाच्या तारखेसकट. दुसऱ्यावर कुणाला किती देणं आहे आणि त्यातलं थांबू शकतं ते कोणतं. तिसऱ्यावर हातातला माल, पण तुम्हाला पडलेल्या किमतीला नाही, आज बाजारात जे येतील त्या किमतीला. इथे माणूस स्वतःला हमखास फसवतो. चौथ्या पानावर घरखर्च, आणि तो खराखुरा. गल्ल्यातून दुधाला, रिक्षाला, भाच्याच्या मुंजीला काढलेले पैसे धंद्याच्या तोट्यात मिसळले की धंदा बुडतोय की घर जास्त खातंय, हेच कळत नाही. माझ्या मैत्रिणीच्या चटणीच्या धंद्यात "तोटा" म्हणून जे दिसत होतं, त्यातले जवळजवळ निम्मे पैसे घरात गेले होते. चटणी बिचारी नफ्यात होती.

त्या गणवेशांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न सगळ्यांना आवडतो. २०२२ च्या जूनमध्ये शाळा रीतसर भरल्या, तेव्हा बराचसा माल त्याच शाळांना गेला. मापं तीच लागतात, फक्त अंगात घालणारं पोर बदलतं. पण दोन शाळांनी मधल्या काळात गणवेशच बदलला होता, आणि एक लहानशी शाळा कायमची बंद पडली. तिचे ३१० पांढरे शर्ट राहिले, खिशावर मोनोग्राम भरलेले.

मोनोग्राम उसवायचा म्हणून आम्ही ब्लेड घेऊन बसलो. धागे निघाले, पण सुईची भोकं राहिली आणि खाली वर्तुळाचा ठसा दिसायला लागला. दहा शर्ट वाया गेल्यावर मास्तर म्हणाले, खिसाच काढू. खिसा काढला तर त्या जागी चौकोन जास्त पांढरा. आजूबाजूचं कापड पडून पिवळसर झालेलं. मग त्यांनी शिल्लक चिंध्यांतून पाव इंच मोठा खिसा कापला आणि त्या चौकोनावर बरोबर बसवला. एका शर्टाला सात-आठ मिनिटं. साधे पांढरे शर्ट म्हणून एका ठोक व्यापाऱ्याने ११० रुपयांनी उचलले. नफा झाला नाही. पण दोन बायकांना काही दिवस काम मिळालं आणि मशिनींचा आवाज सुरू झाला. त्या आवाजाने मला जेवढं उभं केलं, तेवढं कुणाच्या बोलण्याने केलं नाही.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघावेत का?

बघा. शटर उघडायच्या आधी किंवा पाडल्यानंतर.

उधारी अडकलीय, पण मागायला लाज वाटते. काय करावं?

लाज कुणाला वाटायला हवी, हा विचार आधी करून बघा.

छोट्या धंद्याचा जीव बहुतेक वेळा तोट्याने जात नाही, अडकलेल्या पैशाने जातो. कागदावर नफा असतो आणि खिशात रिक्षाचे पैसे नसतात. म्हणून वसुली हे कामच समजा, भीक नव्हे. मी मंगळवार धरलाय. मंगळवारी शिलाईकडे बघत नाही. बिलांच्या झेरॉक्स घेऊन स्वतः जाते. मालकाला भेटण्याआधी त्यांच्याकडे हिशेब लिहिणारा जो कुणी असतो त्याच्याजवळ बसते, कारण "तुमचं बिलच सापडत नाही" हे वाक्य तिथेच जन्माला येतं आणि तिथेच मारता येतं. "बघतो" म्हणाले तर "किती तारखेला येऊ?" एवढंच विचारते आणि त्यांच्यासमोर वहीत लिहिते. आवाज चढवत नाही. सगळे मिळून एक लाख मागण्यापेक्षा आज दहा हजार मागितले की मिळायची शक्यता जास्त.

आता कायदा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद हवी आणि ती माल देण्याच्या आधी झालेली हवी. मागाहून केलेली जुन्या बिलांना उपयोगी पडत नाही. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर उठून या. तक्रार राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन करता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली आहे: अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. माझ्या एका दुकानदाराच्या सीएने त्याला हे समजावलं, आणि त्या मार्चमध्ये माझं बिल न मागता आलं. पहिल्यांदाच.

मात्र नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती अग्रक्रमाच्या, म्हणजे बँकांनी ठरावीक गटांना आधी द्यायच्या, कर्जापुरती. उशिराच्या पैशाचं हे संरक्षण बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

चेक परत आला तर तारखा सांभाळा. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. "देतो की हो" ऐकत बसलात तर मुदत निघून जाते, आणि बरेच जण नेमके त्यासाठीच गोड बोलतात.

हे सगळं वापरायचं ते शेवटी. परिषदेत गेल्यावर ते गिऱ्हाईक बहुधा परत येत नाही, हे धरून चाला. पण हे आपल्याला माहीत आहे, एवढ्यानेही मागताना मान ताठ राहते.

बँकेचा हप्ता चुकलाय. आता?

बँकेत जा, आणि बँकेने बोलवायच्या आधी जा. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतातलं, होतं आणि मग शाखेतल्या माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. त्याआधी हप्ते पुन्हा बांधून देण्याबद्दल बोलता येतं. ती चार पानांची वही बरोबर न्या. माझ्या वेळी अधिकाऱ्याने माझं बोलणं अर्धंच ऐकलं, पण वही पूर्ण वाचली.

हप्ता भरायला रोज दारात येऊन पैसे गोळा करणाऱ्याकडून किंवा मोबाइलवरच्या कुठल्यातरी अॅपवरून कर्ज काढू नका. खासगी सावकारीला महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. परवाना नसलेला सावकार छळत असेल तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते. पण तिथवर जायची वेळच येऊ नये.

शेजारच्याचं जोरात चाललंय आणि आपलं नाही. मन खातं.

त्याचं देणं किती आहे ते त्याच्या कापडवाल्याला विचारा. मी एकदा विचारलं होतं. नंतर मन खाल्लं नाही, उलट त्याला चहा पाजावासा वाटला.

घरच्यांना सांगावं का?

सांगा, पण आकड्यासकट. "फार वाईट चाललंय" एवढंच सांगितलं तर घाबरणारी माणसं एकाची पाच होतात. "दोन लाख अडकलेत, दिवाळीपर्यंत सत्तर हजार येतील, तोवर नवीन काही घ्यायचं नाही" असं सांगितलं तर घर मदतीला येतं. आमच्या सासूबाईंनी हे ऐकून भिशीचा नंबर दुसऱ्या बाईशी बदलून घेतला आणि आधी उचलला. मला म्हणाल्या, "हे आधी नाही का सांगायचं?" सहा महिने मी त्यांच्यापासूनच लपवत होते.

दरवर्षी ठरावीक वेळेला खचायला होतं. माझा स्वभावच असा आहे का?

मीही तसंच समजत होते. मग जुन्या वह्या काढल्या. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की आम्ही उधारीवर कापड उचलतो, मेपर्यंत शिवतो, जूनमध्ये माल देतो. पैसे हळूहळू गणपतीपासून सुरू होऊन दिवाळीपर्यंत येतात. म्हणजे ऑगस्टमध्ये हाताला काम नाही, आलेला पैसा नाही, आणि कापडवाल्याचे फोन सुरू. दर ऑगस्टला मी "बंद करून टाकू" म्हणत होते. वहीच्या मागच्या पानांवर तसं लिहिलेलंच सापडलं, ओळीने तीन वर्षं.

आता ऑगस्टसाठी हॉटेलांचे अॅप्रन आणि दवाखान्यांचे गाऊन शिवायची कामं घेते. मजुरी कमी सुटते, पण मशीन चालू राहतं. तुमच्या धंद्याचा ऑगस्ट कोणता ते शोधा, आणि त्या महिन्यात मोठा निर्णय घेऊ नका.

कारागीर सोडून गेले की सगळं संपल्यासारखं वाटतं.

खरं आहे. गणवेशाच्या हंगामात एक काजबटणवाली गेली तर शंभर शर्ट अडतात. पण "हल्लीच्या लोकांना काम नको" म्हणण्याआधी ती का गेली ते विचारावं. आमच्या दोघी २०२४ मध्ये कुंभारीला रे नगर या कामगारांच्या घरकुल वसाहतीत हक्काचं घर मिळालं म्हणून तिकडे राहायला गेल्या. इतक्या वर्षांनी डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं, त्याला मी कशी नावं ठेवू? एकीला जुनं मशीनच घरी दिलं, नगावर शिवून देते. पूर्वी विड्या वळायची. घरबसल्या काम करायची सवय होतीच.

दुसरं, पाण्याचा दिवस. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी बाई उशिरा येणार म्हणजे येणारच. मी आधी चिडायचे. मग कॅलेंडरवर कुणाच्या भागात कधी पाणी ते लिहून ठेवलं आणि त्या दिवशी कटिंग नि इस्त्री धरली. अर्धी चिडचिड तिथेच गेली. उचल मात्र बेताने द्या. मोठी उचल घेतलेला माणूस टिकेल असं वाटतं, आणि तोच न सांगता जातो.

सरकारी निर्णयाने धंदा बसला तर कुणाला बोलायचं?

बोलून घ्या, मन हलकं होतं. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांना राज्यभर एकाच पद्धतीने गणवेश द्यायचं ठरलं, तेव्हा शाळांकडून थेट काम मिळणारे आमच्यासारखे कितीतरी जण हात चोळत बसले. २०२५-२६ पासून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. मधल्या वर्षात ज्यांचं सगळं काम सरकारी शाळांचं होतं ते कोसळले. माझं एक तृतीयांश होतं, मी लंगडत चालले. तेव्हापासून कुठल्याही एका गिऱ्हाइकाला तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जाऊ देत नाही. मोह होतो, खोटं कशाला बोलू.

आगीत किंवा पावसात माल गेला तर परत उभं कसं राहायचं?

विमा असेल तर लवकर, नसेल तर उशिरा. यात प्रेरणेचा काही संबंध नाही. फक्त एक बघा: दहा लाखांचा माल असताना पाच लाखांचाच विमा काढला, तर नुकसानही निम्मंच भरून मिळतं. २०२१ पासून लहान उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत कमी विमा माफ धरतात. हंगामात माल वाढतो, रक्कम तेव्हा वाढवून घ्या.

सोलापुरात काही राहिलं नाही, पुण्याला जाऊ का?

हुतात्मा एक्स्प्रेस रोज सकाळी जाते, आणि तिच्यात हा प्रश्न पडलेली माणसं पुष्कळ असतात. जायचं तर जा, ते काही पाप नाही. पण "काही राहिलं नाही" हे वाक्य या गावाने आधीही ऐकलंय. जुनी गिरणी गेली तेव्हा म्हणाले, नरसिंग गिरजी गेली तेव्हा म्हणाले, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला तेव्हा तर घरोघरी म्हणाले. गिरण्यांतून निघालेल्या हातांनी घरात माग टाकले. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, राज्यातल्या पहिल्या वस्तूंपैकी एक. तरी बाहेरगावची स्वस्त चादर "सोलापुरी" म्हणून विकली जातेच. कितीतरी जण चादरीवरून टॉवेलवर आले, आणि कुणी माझ्यासारखे गणवेशावर.

हे मी अभिमानाने छाती फुगवून सांगत नाही. प्रत्येक वळणावर पुष्कळ माणसं मागे राहिली, त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. पण जे तगले त्यांनी गाव बदललं नाही, माल बदलला. तुमचं गिऱ्हाईक पुण्यात आहे की तुम्हालाच इथून सुटायचंय, हे आधी स्वतःला विचारा. गिऱ्हाईक तिकडे असेल तर माल पाठवूनही धंदा होतो.

बंद करायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

दोन हंगाम नीट काम करूनही मजुरीसुद्धा सुटत नसेल, जुनं देणं फेडायला नवं कर्ज लागत असेल, आणि घरातलं सोनं किंवा घराचे कागद बाहेर काढायचं बोलणं सुरू झालं असेल, तर थांबा. कागद बाहेर जायच्या आधी थांबा.

आमच्या सासऱ्यांचे चादरीचे चार माग होते. त्यांनी ते भंगारात किलोवर घातले. लोखंडाचा काटा लागला होता आणि ते आतल्या खोलीत जाऊन बसले होते, एवढं मला आठवतं. नंतर त्याच जागेत माझ्या पहिल्या तीन मशिनी बसल्या. ते रोज येऊन कापडाचा पोत बोटांनी बघायचे नि नाक मुरडायचे. पॉलिस्टर त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

झोप येत नाही, नको ते विचार येतात.

मग ही वही, वसुली, कायदा सगळं बाजूला ठेवा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा, आणि रात्री एकटे राहू नका. 'टेलिमानस' ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू, मराठीतही बोलतात. डॉक्टरांकडे जायला कमीपणा वाटतो म्हणणाऱ्यांना मी विचारते, मशीनची मोटर जळाली तर मिस्त्री बोलावता ना? कर्जाला मुदत वाढवून मिळते. माणसाला नाही मिळत.

तुमचं आता कसं चाललंय?

लॉकडाऊनच्या आधी सोळा शाळा होत्या, आता अकरा आहेत. अकरातल्या नऊ वेळेवर पैसे देतात, जे पूर्वी सोळांतल्या सातसुद्धा देत नव्हत्या. मास्तरांचे डोळे अधू झालेत, खडूची रेघ आता त्यांचा मुलगा मारतो आणि ते शेजारी बसून चुका काढतात. मागच्या खोलीत अॅप्रनचं कापड आहे, दार उघडंच असतं.

आणखी कुणाचे प्रश्न राहिले असतील तर मंगळवार सोडून या. आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे, नळ आलाय, मोटर लावायची आहे.